विजयमालाचा तीळ

मी टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं ऑपरेटर होते. ट्रंक कॉल जोडून द्यायचा आणि बाजूला व्हायचं, दोघांचं बोलणं ऐकायचं नाही, असा कडक नियम. मी तो पाळला. त्यामुळे चौतीस वर्षांची चौकशी माझ्या अंगात साठून राहिली आणि निवृत्त झाल्यापासून ती मी शेजाऱ्यांवर काढते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी मला भोचक म्हणायला नको. म्हणायचंच असेल तर म्हणा.

शेजारी म्हणजे मुख्यतः गानूबाई. शुक्रवार पेठेतल्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं आणि माझं दार समोरासमोर. सुनीती गानू, ही गोष्ट घडली तेव्हा वय एकोणसत्तर, लग्न केलेलं नाही, एकट्या राहणाऱ्या. दारावर पाटी होती, ‘बेल एकदाच वाजवावी. आम्हाला ऐकू येते.’ एकट्या राहता आणि ‘आम्हाला’ म्हणजे कुणाकुणाला, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाल्या, “मला आणि तुम्हाला. माझी बेल वाजली की तुमचं दार उघडतं.”

बाईंनी आयुष्यभर काम केलं ते रिटचिंगचं. लक्ष्मी रस्त्यावर श्रीधरपंतांचा फोटो स्टुडिओ होता, तिथे त्या अठ्ठावन्न साली लागल्या आणि एक्क्याण्णवला स्टुडिओला कुलूप लागलं तेव्हाच बाहेर पडल्या. हल्ली मोबाइलवर बोट फिरवलं की तोंडावरचा मुरूम जातो. तेव्हा तो हातानं घालवायला लागायचा, तोही फोटोवर नाही, निगेटिव्हवर. खिडकीपाशी तिरपं डेस्क, त्यात दुधी काच, खाली उजेड फेकणारा आरसा. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. चेहऱ्यावर काळा डाग असेल तर तिथे पांढरी फट दिसते. त्या फटीत पेन्सिलीनं टिंबं भरायची, सुईएवढ्या टोकानं, श्वास धरून. फट आजूबाजूच्या रंगात मिसळली की फोटोतला डाग गेला. अशा हजारो पोरींचे मुरूम आणि देवीचे व्रण बाईंनी घालवले. पुण्यातली निम्मी लग्नं माझ्या पेन्सिलीनं जमली आहेत, असं त्या म्हणायच्या. ती टिकली का, असं विचारलं तर म्हणायच्या, “ते माझ्या कामात येत नव्हतं.”

स्टुडिओचा एक नियम त्या नेहमी सांगायच्या. डाग काढायचा, तीळ ठेवायचा. मुरूम आज आहे, उद्या नाही. तीळ मात्र जन्माचा. दाखवायच्या फोटोत तीळ नाही आणि मुलगी समोर आली तर गालावर तीळ, की मुलाकडचे लगेच म्हणणार, फसवणूक केलीत. श्रीधरपंतांना एकदा असा तमाशा दुकानात सहन करावा लागला होता. तेव्हापासून तीळ म्हणजे तीळ, त्याला हात लावायचा नाही.

बाईंचा दरारा होता तो नजरेचा. फोटोग्राफर मंडळींनी त्यांचा सत्कार केला होता, त्याचं मानपत्र भिंतीवर टांगलेलं. ‘तेहतीस वर्षांत ज्यांच्या नजरेने एकदाही दगा दिला नाही’ अशी त्यात ओळ. बाई स्वतःचं कौतुक फार करणाऱ्यांपैकी नाहीत, पण आलेल्या माणसाला बसवायच्या ते त्या ओळीसमोरच्या खुर्चीत.

आता बाई कामातल्या माणसांचे एवढे किस्से सांगायच्या, आणि एका नावाशी आल्या की तोंडाला कुलूप. ते नाव विजयमाला.

विजयमाला कोण हे आजच्या पोरांना सांगावं लागेल. साठच्या आसपासची नटी. नऊ वर्षांत चौदा सिनेमे केले आणि सदुसष्ट साली काविळीचं निमित्त होऊन अठ्ठाविसाव्या वर्षी गेली बिचारी. तिच्या हनुवटीवर डावीकडे खाली एक तीळ होता. काय वेड होतं त्या तिळाचं! मी स्वतः काजळाच्या काडीनं तो काढून कॉलेजात गेले होते आणि घरी आल्यावर आईनं पदरानं असा काही पुसला की हनुवटी दोन दिवस लाल. रेडिओवर तिचं गाणं लागलं की गानूबाई गप्पा अर्धवट टाकून उठायच्या. “काय हो, तिचं आणि तुमचं काय वाकडं आहे?” मी विचारलं. “तुमच्या रेडिओचा आवाज मोठा असतो,” एवढंच उत्तर. मी पण पक्की, हे मनात टिपून ठेवलं.

दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत बाईंची बेल एकदाच वाजली आणि माझं दार उघडलं. तिशीतली एक मुलगी, खांद्याला झोळी, मागे कॅमेरा घेतलेला तरुण. मुलगी हेमा, कॅमेरावाला अनंत. विजयमालावर डॉक्युमेंटरी करत होते. मी चिवड्याची बशी घेऊन पोचले. शेजारधर्म असतो काही.

हेमानं झोळीतून एक फोटो बाहेर काढला. विजयमालाचा सगळ्यात पहिला फोटो, सिनेमात यायच्या आधीचा, मागे श्रीधरपंतांच्या स्टुडिओचा शिक्का. काय चेहरा होता! नुसतं तोंड धुऊन, केस चापून बसलेली एकोणीस वर्षांची पोर आणि नजर अशी की आपणच पदर सारखा करावा.

“हा तुम्हीच रिटच केलात?”

“हो.”

“म्हणजे तेव्हा मेकअप वगैरे काही नव्हता?”

“पावडर असेल.”

“आणि हा तीळ तेव्हा होताच?”

गानूबाईंनी फोटो हातातही घेतला नाही. “फोटोत दिसतोय ना तुम्हाला?” म्हणाल्या.

हेमाला तेवढं पुरलं. तिनं सुस्कारा टाकला आणि अनंतला म्हणाली, “मग झालं. आजींचा पार्ट उडाला.”

कुठल्या आजी, हे गानूबाईंनी विचारलं नाही, म्हणून मी विचारलं. हेमा सांगायला लागली. विजयमाला इंदूरच्या वकिलाची अनाथ मुलगी, असं त्या वेळच्या सगळ्या मासिकांत छापलेलं. पण हडपसरच्या एक आजी, तुळजाबाई, वर्षभर मागे लागल्या होत्या की विजयमाला ही माझी सख्खी बहीण, तिचं नाव प्रेमला. बाप गेनबा शेतकरी. पोरगी सिनेमात गेली म्हणून त्यानं तिचं नाव टाकलं, असेल नसेल तो कागद चुलीत घातला. जन्माचा दाखला नाही, फोटो नाही, पत्र नाही.

“पैशासाठी असेल,” मी आपलं म्हटलं.

“छे हो, त्यांचीच जमीन आयटी पार्कला गेलीय, मुलाच्या दोन गाड्या आहेत. त्यांना काहीच नकोय. फक्त म्हणतात, मी तिची बहीण आहे असं एकदा सिनेमात म्हणा. मला खरंच वाटायला लागलं होतं. पण तिळाचं विचारलं की त्या म्हणतात, अक्काला तीळ नव्हताच! गोंदण होतं म्हणे, तीन ठिपके. आता सांगा, सख्ख्या बहिणीला तीळ माहीत नसेल? मला वाटलं, मेकअपमननं दोन झाकले असतील. म्हणून हा फोटो शोधत इथवर आले. हा तर मेकअपच्या आधीचा, आणि यातही एकच. सोमवारी एडिट लॉक करायचंय, मग काही बदलता येणार नाही. वाईट वाटतं, पण खोटं कसं दाखवू?”

गानूबाई उठल्या. “झालं ना तुमचं काम?” म्हणाल्या आणि दार उघडून उभ्या राहिल्या. चहा विचारला नाही. माझी चिवड्याची बशी तशीच परत.

मला रात्री झोप नाही. मी ऑपरेटर होते. लाइन तुटलेली असते तेव्हाची शांतता वेगळी, आणि लाइन चालू असून पलीकडचं माणूस बोलत नाही ती वेगळी. हा दुसरा प्रकार होता. सकाळी दूध आल्या आल्या मी त्यांच्या दारात. “अहो, त्या मुलीनं विचारलं तीळ होता का, आणि तुम्ही म्हणालात फोटोत दिसतोय ना. हे काही उत्तर झालं नाही.”

मला वाटलं, आता दार तोंडावर आपटणार. पण बाई मागे सरकल्या. “या,” म्हणाल्या. आणि मला त्या मानपत्रासमोरच्या खुर्चीत न बसवता स्वयंपाकघरात नेलं.

“मला लागून तीन आठवडे झाले होते,” त्यांनी सुरुवात केली. “महिनाभर काम बघून ठेवायचं की घालवायचं ते पंत ठरवणार होते. वडील अंथरुणाला खिळलेले. ही नोकरी गेली असती तर आमच्या घरात चूल कशी पेटली असती, मला माहीत नाही. त्यात ही मुलगी आली. मी आतल्या खोलीत बसायचे, गिऱ्हाईक मला दिसायचं नाही, नुसती काच यायची. पंतांनी काच ठेवली आणि म्हणाले, हनुवटीवरचं गोंदण काढा, मुलीला सिनेमात जायचंय, खेडवळ दिसायला नको. आणि गेले जेवायला.”

“मग?”

“मग काय! मी जन्मले सदाशिव पेठेत. आमच्याकडे कुणाच्या तोंडावर गोंदण? मंडईत भाजीवाल्यांच्या कपाळावर बघितलेलं, तेवढंच. काचेत बघितलं तर हनुवटीवर दोन ठिपके शेजारी शेजारी, अगदी सारखे. तिसरा खाली, जरा बाजूला, थोडा मोठा. मला वाटलं, वरचे दोन गोंदण आणि खालचा तीळ. तिळाला हात लावायचा नाही, नियमच होता. दोन घालवले. फार सुंदर काम झालं होतं, खोटं नाही सांगत. पंतांनी काही ठिपके मोजले नाहीत, खूश झाले. लगेच म्हणाले, एक तारखेपासून पगार चालू.”

“आणि तो तीळ नव्हता.”

“आठ दिवसांनी ती फोटो न्यायला आली. पंत नव्हते, मी बाहेर आले. मला पहिल्यांदा तिचा चेहरा दिसला. तीन ठिपके, तिन्ही हिरवे. तिनं फोटो बघितला आणि म्हणाली, बाई, ह्यो एक ऱ्हायला. मी काय म्हणाले असेन? म्हटलं, तो तीळ आहे, तीळ आम्ही काढत नाही. तिच्या तोंडावर खोटं बोलले. ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्याच वयाची होती. तिनं पंतांना सांगितलं असतं तर मी घरी बसले असते, हे तिला कळलं असणार. हसली आणि म्हणाली, बरं, तीळ तर तीळ. आणि गेली. तो फोटो घेऊन मुंबईला गेली, त्यांनी तोच तीळ डोक्यावर घेतला. नऊ वर्षं ती रोज दोन ठिपके झाकत असणार आणि एक काळा करत असणार. माझ्या चुकीपायी.”

“अहो, पण ती तर त्यामुळे...” मी बोलायला गेले.

“मी तिच्याबद्दल बोलत नाही, मंदाताई. ती मोठी झाली, गेली. हडपसरला जी बसली आहे तिच्याबद्दल बोलते आहे. ती खरं बोलते आहे आणि माझा फोटो तिला खोटं ठरवतो आहे. आणि मी काल तिथे बसून त्याला तसं ठरवू दिलं.” बाईंचे डोळे भरले. तेवीस वर्षांच्या शेजारात मी ते पहिल्यांदा बघितलं. “या वयात येऊन सांगायचं की माझी नजर चुकली होती. तीही पहिल्याच मोठ्या कामात. मला लाज वाटली. म्हणून गप्प बसले, बाकी काही कारण नाही.”

मी पुढचा प्रश्न न विचारता गॅसवर चहाचं आधण ठेवलं. मला जमतं तसं कधीकधी.

जरा वेळानं त्यांनी पदरानं डोळे पुसले. “त्या मुलीचा नंबर आहे तुमच्याकडे?”

“आहे.”

“असणारच,” म्हणाल्या.

रविवारी दुपारी दोनला सगळे आले. तुळजाबाई मुलाच्या गाडीतून आल्या, नऊवारी लुगडं, हातभर बांगड्या, दोन जिने चढून धाप लागलेली. सहासष्ट वर्षांच्या असतील. मी पहिल्यांदा बघितली ती हनुवटी. तीन हिरवे ठिपके, दोन वर, एक खाली जरा बाजूला. गानूबाईही तिथेच बघत होत्या.

“बसा,” म्हणाल्या. “गोंदण कधी केलं?”

“मी पाच वरसाची आन् अक्का नऊची,” तुळजाबाई म्हणाल्या. “एकाच दिसाला, एकाच बाईकडनं. मी लई रडले. अक्का न्हाई रडली, माझा हात धरून बसली व्हती. म्हणून सांगते, मला कसा इसर पडंल? पर ही पोरं म्हंत्यात, फोटूत एकच हाय. फोटू काय खोटं बोलतुय?”

“बोलतो,” गानूबाई म्हणाल्या. “मी बोलायला लावला.”

आणि त्यांनी अनंतच्या कॅमेऱ्याकडे बघून मला सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. नियम, चूक, तोंडावरचं खोटं, काही सोडलं नाही. आवाज मात्र कोरडा, दूधवाल्याची तक्रार केल्यासारखा.

हेमाची पंचाईत झाली. “आजी, मला पटतंय हो. पण गुरुवारी तुम्ही वेगळं बोललात आणि आज हे. बघणारे म्हणतील, दोन म्हाताऱ्यांनी मिळून ठरवलं. काहीतरी दाखवायला हवं.”

“माहीत आहे मला,” म्हणत गानूबाई कपाटापाशी गेल्या. साड्यांच्या खालून त्यांनी खाकी कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. स्टुडिओ बंद झाला तेव्हा पंतांच्या मुलानं जुन्या काचा फ्रेमवाल्याला दिल्या होत्या, धुऊन वापरायला. तेहतीस वर्षांच्या हजारो काचांतून बाईंनी घरी आणली ती ही एकच.

त्यांनी काच खिडकीशी धरली. उलटा, भुतासारखा चेहरा, काळी हनुवटी आणि तिच्यावर एकच पांढरं टिंब.

“पेन्सिल बसावी म्हणून काचेला आधी रोगण लावतात,” त्या हेमाला म्हणाल्या. “टर्पेंटाइन लावलं की पेन्सिलीसकट ते निघतं. खाली जे असेल ते असेल.”

“म्हणजे तुमचं काम जाईल?” अनंतनं विचारलं. “थांबा, आधी मी त्याचा फोटो घेतो.”

“घ्या.”

त्यानं घेतला. मग बाईंनी बाटली उघडली, कापूस भिजवला, आणि हात थांबला. मी जवळ होते, म्हणून मला दिसलं. एकोणिसाव्या वर्षी श्वास धरून भरलेली टिंबं, ज्यांच्यावर पुढची तेहतीस वर्षं उभी राहिली. कुणालाही जड गेलं असतं. तुळजाबाईंना काय कळलं कोण जाणे, त्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या, बाई. तुमी माझ्यासमोर कबूल झाला, मला पावलं.”

“तुम्हाला पावलं असेल,” गानूबाई म्हणाल्या आणि कापूस टेकवला.

तीन वेळा फिरवला. काळपट काहीतरी कापसावर आलं. त्यांनी काच पुन्हा उजेडात धरली. हनुवटीवर तीन पांढरी टिंबं होती.

अनंतनं कॅमेऱ्यातून चित्र घेतलं, लॅपटॉपवर काळ्याचं पांढरं केलं आणि स्क्रीन तुळजाबाईंकडे वळवला. समोर प्रेमला होती. विजयमाला नाही, इंदूरची नाही, हडपसरची पोर, तीन ठिपक्यांची. हेमा रडायलाच लागली होती.

तुळजाबाई मात्र नुसत्या बघत होत्या. मग म्हणाल्या, “ती गेली तवा पेपरात आलं व्हतं. माझं लगीन झाल्यालं. बा माझ्या घरी आला आन् म्हणला, आपल्यात कुनी मेलं न्हाई, सुतक न्हाई. गळा काढलास तर याद राख. मी भाकरी थापत बसले. बा गेल्यावर रडले असते, तर लोकं हसायची. म्हनायची, इंदूरच्या वकिलाची पोर ती, तू कुठली तिची भन?” त्यांनी हेमाकडे बघितलं. “आता हाय का न्हाई मी?”

“आहात,” हेमा म्हणाली. “सिनेमात तसंच म्हणणार आहे मी.”

“मग ते मशीन बंद करा.”

अनंतनं कॅमेरा बंद केला आणि तुळजाबाईंनी गळा काढला. “अक्काऽ गं! माझी अक्काऽ!” असा की खिडकीची तावदानं थरथरली. आमच्या इमारतीत असं कुणी रडत नाही. आमच्याकडे माणूस गेलं तरी आधी दार लावून घेतात. गानूबाईंनी दार लावलं नाही. त्या जाऊन तुळजाबाईंच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि त्यांचा हात धरला.

पाच मिनिटांत खालच्या मजल्यावरचे श्यामसुंदरराव वर आले. बनियन, लेंगा, झोपमोड झालेलं तोंड. दुपारी दोन ते चार कुणी कुकरची शिट्टी केली तरी सोसायटीला पत्र लिहिणारा माणूस. “काय चाललंय काय? वेळ बघता का काही?”

गानूबाई उठून दारात गेल्या. “त्यांची बहीण गेली आहे.”

श्यामसुंदरराव एकदम ओशाळले. “अरेरे. मला कल्पना नव्हती. कधी गेल्या?”

“बेचाळीस वर्षं झाली,” गानूबाई म्हणाल्या. “रडायची परवानगी आज मिळाली. तुम्हाला त्रास होत असेल तर खिडकी लावून घ्या.”

श्यामसुंदरराव आतल्या आवाजाकडे कान देऊन उभे राहिले. मग दोन पायऱ्या उतरले, थांबले आणि वर न बघताच म्हणाले, “पाणीबिणी लागलं तर सांगा. माझ्याकडे माठातलं आहे.”